दोन खोरी आणि १९६८ साल

बे एरियात नव्याने येणाऱ्या मराठी माणसाचे पहिल्या वर्षातले वीकेंड जवळजवळ ठरलेले असतात. आधी गोल्डन गेट, मग योसेमिटी, मग बर्फ बघायला लेक टाहो, आणि मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, "चला, नापाला जाऊन येऊ." नापाला जाऊन काय करायचं हेही ठरलेलं. दोन-तीन वायनऱ्या, प्रत्येक ठिकाणी पेल्याच्या तळाशी दोन घोट, "ओकचा वास येतोय ना?" "हो हो, येतोय की!" असं एकमेकांना सांगणं, द्राक्षांच्या रांगांसमोर फोटो, आणि येताना ट्रॅफिक. मजा येते, नाही असं नाही. पण दिवसभर ज्या खोऱ्यात हिंडतो ते असं का दिसतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही.

मला तो नकाशा बघताना पडला. सॅन फ्रान्सिस्कोवर बोट ठेवा. तिथून साधारण ५० मैल वर, जरा पूर्वेकडे, नापा व्हॅली. तिथून साधारण ५० मैल खाली सांता क्लारा व्हॅली, म्हणजे सनीवेल, कुपर्टिनो, सॅन होजे, म्हणजे आपल्या सगळ्यांची ऑफिसं. दोन्ही खोऱ्यांच्या दोन्ही अंगांना डोंगर, मधे नदीनाल्यांनी आणून टाकलेली गाळाची जमीन, पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा, आणि संध्याकाळी पाण्याकडून येणारा गारवा. १९४० च्या सुमाराला दोन्हीकडे फळबागा होत्या, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे प्रून, म्हणजे वाळवायचे आलूबुखार, हे मोठं पीक होतं. मग एका खोऱ्यात आज मैलोनमैल द्राक्षबागा आणि दुसऱ्यात मैलोनमैल पार्किंग लॉट, हे कसं काय झालं बुवा?

"नापाची माती वाईनची, आपल्याकडची सिलिकॉनची" असं एक उत्तर मिळतं. ऐकायला झकास, पण खरं नाही. नापात पहिली व्यापारी वायनरी निघाली १८६१ मध्ये. त्याच्या नऊ वर्षं आधी, १८५२ मध्ये, सॅन होजेच्या दक्षिणेला आल्माडेनमध्ये फ्रेंच मंडळींनी द्राक्षं लावून धंदा सुरूही केला होता. पुढे साराटोगाच्या डोंगरावर पॉल मॅसन नावाचा फ्रेंच माणूस शॅम्पेन करू लागला. त्याच्या वायनरीत आता गाण्याचे कार्यक्रम होतात, तिकिटं काढून आपण जातोही. म्हणजे वाईन कंट्री आधी आपल्याच अंगणात होती, आणि ती गेली. उरलेली वाईन कंट्री उरली कशी, हे बघायला मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही चौघं निघालो. गाडी चालवायची पाळी माझी होती, त्यामुळे बाकीच्या तिघांच्या वाट्याला वाईन आली आणि माझ्या वाट्याला इतिहास.

घाई करायची नाही असं ठरलंच होतं. गोल्डन गेट ओलांडून, ३७ नंबरच्या रस्त्याने खाडीकाठच्या दलदलीतून, आधी सोनोमा. गावाच्या मधोमध मोठा चौक, झाडी, बाकडी. चौकाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या भिंतींचं बुटकं चर्च आहे. कॅलिफोर्नियात स्पॅनिश पाद्र्यांनी ओळीने २१ मिशनं बांधली, त्यातलं हे शेवटचं, १८२३ चं. तोपर्यंत इथे स्पेनचं राज्य जाऊन मेक्सिकोचं आलं होतं. पाद्र्यांना प्रार्थनेसाठी वाईन लागायची, म्हणून ते जातील तिथे द्राक्षाची काडी घेऊन जायचे. त्या जातीचं नावच पडलं 'मिशन'. तिची वाईन काही खास होत नसे, पण देवाला चालायची.

याच चौकात जून १८४६ मध्ये तीसेक अमेरिकन सेटलर्सनी पहाटे येऊन मेक्सिकोचे जनरल व्हायेहो यांना ताब्यात घेतलं आणि अस्वलाचं चित्र असलेला झेंडा लावून 'कॅलिफोर्निया रिपब्लिक' जाहीर केलं. हे प्रजासत्ताक महिनाभरसुद्धा टिकलं नाही, अमेरिकन सैन्य आलं आणि ते त्यात विरून गेलं. पण अस्वल अजून राज्याच्या झेंड्यावर आहे. जनरलसाहेबांनी पकडायला आलेल्यांना आधी घरात बसवून प्यायला दिलं, असं सांगतात. सोनोमातला पाहुणचार तेव्हापासूनचा दिसतो.

गावाबाहेर बुएना व्हिस्टा ही वायनरी आहे, १८५७ ची. ती काढणारा आगोस्टन हाराझ्थी म्हणजे हंगेरीहून आलेलं एक अचाट प्रकरण. १८६१ मध्ये हा गृहस्थ युरोपभर फिरला आणि एक लाखाच्या आसपास द्राक्षकाड्या जहाजात घालून घेऊन आला. सरकार पैसे देईल असा त्याचा समज होता, सरकारने दिले नाहीत. पुढे धंद्यात बुडाला, निकाराग्वाला गेला, आणि १८६९ मध्ये तिथे नाहीसा झाला. नदी ओलांडताना मगरीने ओढून नेलं म्हणे. पण पाद्र्यांची द्राक्षं सोडून युरोपातल्या चांगल्या जाती लावल्या पाहिजेत, हे त्याने इथल्या लोकांच्या डोक्यात भरवलं ते कायमचं.

चौकातल्या बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही नापाकडे वळलो. आणि मग मंडळी, मोहरी! फेब्रुवारी-मार्चमध्ये नापात गेलात तर द्राक्षाचे वेल बघायलाच मिळत नाहीत. दिसतात ती छाटलेली काळी खोडं, आणि त्यांच्या दोन रांगांमधे कंबरभर पिवळीधमक मोहरी. ती दिसायला जितकी सुंदर तितकीच उपयोगी. पावसात माती धरून ठेवते आणि नंतर नांगरून गाडली की हिरवळीचं खत होतं. मार्चमध्येच खोडांवर डोळे फुटायला लागतात आणि शेतकऱ्याची झोप उडते, कारण एका रात्रीच्या थंडीने कोवळा फुटवा जळू शकतो. म्हणून शेतांतून मधे मधे विमानाच्या पंख्यासारखे उंच पंखे उभे असतात. जमिनीलगत साचलेली गार हवा आणि वरची जरा उबदार हवा घुसळायची, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे नाशिकला याच दिवसांत द्राक्षं तोडून पेट्या भरायची गडबड असते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी. इथे तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. वेल तोच, वेळापत्रक वेगळं.

नापा व्हॅली अगदी लहान आहे. लांबी ३० मैल, रुंदी जास्तीत जास्त ५ मैल. पश्चिमेला मायाकामास डोंगर, पूर्वेला व्हाका डोंगर. दोन समांतर रस्ते, पश्चिमेकडून हायवे २९ आणि पूर्वेकडून सिल्व्हराडो ट्रेल. जाताना २९ ने जायचं आणि येताना सिल्व्हराडोने यायचं, म्हणजे सगळं खोरं बघून होतं. कॅलिफोर्नियात होणाऱ्या एकूण वाईनपैकी फक्त ४ टक्के इथली, हे ऐकून गाडीतल्या एकाचा विश्वासच बसेना.

पहिलं थांबण्यासारखं गाव यंटव्हिल. जॉर्ज यंट हा नॉर्थ कॅरोलायनातून आलेला फासेपारधी. १८३६ मध्ये मेक्सिकन सरकारने त्याला इथे ११ हजार एकरांहून मोठी जमीन बहाल केली. बहाल केली म्हणजे काय, तर जमीन वाप्पो लोकांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही. १८३० च्या दशकातल्या देवीच्या साथीत त्यांची गावंच्या गावं गेली, उरलेले पुढे हुसकावले गेले. नापातली पहिली द्राक्षं या यंटने लावली. या खोऱ्याच्या प्रत्येक सुंदर गोष्टीच्या मुळाशी हे आहे, ते विसरून चालणार नाही.

तिथून सरळ वर सेंट हेलेना. १८६१ ची पहिली व्यापारी वायनरी इथेच, चार्ल्स क्रुग या प्रशियन माणसाची. पाठोपाठ १८७६ मध्ये बेरिंजर बंधूंची. बेरिंजरच्या मागे डोंगराच्या पोटात खणलेली लांबच लांब भुयारं आहेत, आत बारा महिने गारवा. ती खणली चिनी मजुरांनी, हातातल्या पहारींनी. द्राक्षं तोडायला, दगडी भिंती घालायलाही तेच होते. सेंट हेलेनात त्यांची वस्ती होती. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला आणि हळूहळू ती वस्ती नाहीशी झाली. भुयारं राहिली. व्हिसाच्या रांगेतल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना आपसूकच जरा आवंढा गिळावासा वाटतो.

त्यानंतर संकटांची रांग लागली. पहिलं फायलोक्सेरा, द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारा डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. मूळचा अमेरिकेच्या पूर्वेकडचा. तिथल्या रानटी द्राक्षवेलांना त्याची सवय, पण युरोपियन जातींची मुळं त्याच्यापुढे टिकत नाहीत. फ्रान्सच्या द्राक्षबागा त्याने झोपवल्या, १८७३ मध्ये तो सोनोमात सापडला आणि १८९० च्या दशकापर्यंत नापातले बहुतेक वेल गेले. उपाय निघाला तो आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको: खाली अमेरिकन खुंट, वर युरोपियन कलम. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार पाणी कमी आणि जमीन खारट म्हणून 'डॉगरिज' खुंटावर कलम बांधतात ना, तो डॉगरिजसुद्धा मूळचा टेक्ससचा.

दुसरं संकट माणसाने आणलेलं. १७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागू झाली ती ५ डिसेंबर १९३३ पर्यंत. रदरफर्डला ब्यूल्यू नावाची वायनरी आहे, तिचा मालक जॉर्ज द लातूर (लातूर! आमच्यातला एक लातूरचाच, तो खूश) याने या काळात चर्चला लागणारी वाईन करून धंदा टिकवला. पुन्हा देवच धावून आला म्हणायचा. कायद्यात एक गमतीदार फट होती. घरच्या घरी फळांचा रस वर्षाला २०० गॅलनपर्यंत करायला मुभा होती. त्यामुळे वाळवलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकल्या जायच्या आणि सोबत सूचना असायची की पाण्यात विरघळवून इतके दिवस अमुक जागी ठेवू नका, नाहीतर त्याची वाईन होईल हं! अशी युजर मॅन्युअल लिहिणाऱ्याला माझा दंडवत.

पण एकूण हिशोब वाईटच होता. बहुतेक वायनऱ्या बंद पडल्या. रेल्वेने लांब पाठवायला टिकाव्यात म्हणून पातळ सालीच्या चांगल्या जाती उपटून जाड सालीच्या लावल्या गेल्या. नापातल्या कित्येकांनी द्राक्षंच काढून प्रून आणि अक्रोड लावले. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा नापा हे एक झोपाळू फळबागांचं खोरं होतं, आणि त्याचं दक्षिणेकडचं जुळं भावंड मात्र जोरात होतं.

आता जरा त्या भावंडाकडे वळू. सांता क्लारा व्हॅलीला तेव्हा लोक 'व्हॅली ऑफ हार्ट्स डिलाइट' म्हणायचे. मन हरखावं असं खोरं. प्रून, जर्दाळू, चेरी. वसंतात सगळं खोरं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जायचं आणि साराटोगात फुलांचा उत्सव व्हायचा, आजूबाजूच्या शहरांतून लोक निव्वळ फुलं बघायला आगगाडीने यायचे. म्हणजे मार्चमध्ये मोहरी बघायला आपण नापाला जातो तसे लोक तेव्हा आपल्याकडे यायचे. आज त्यातलं उरलंय काय, तर ब्लॉसम हिल रोड हे नाव. त्या रस्त्यावर सिग्नलला उभं राहून मी कित्येकदा हसलोय.

हे कसं घडलं त्याची कहाणी सुरस आहे. १९५० ते १९६९ डच हॅमन नावाचा माणूस सॅन होजेचा सिटी मॅनेजर होता. शहर वाढवायचं, लॉस एंजेलिससारखं करायचं, हा त्याचा ध्यास. त्याने आजूबाजूची जमीन शहराच्या हद्दीत घ्यायचा सपाटा लावला. रस्त्याच्या कडेकडेने पट्टी घ्यायची, मग तिच्या आतलं घ्यायचं, असं करत शहर १७ चौरस मैलांचं १३० चौरस मैलांहून मोठं झालं. १९५० मध्ये सुमारे ९५ हजार वस्ती होती, १९७० मध्ये ती साडेचार लाखांच्या आसपास गेली. आयबीएम आधीच आली होती. १९५६ मध्ये जगातली पहिली हार्ड डिस्क इथेच झाली आणि त्याच सुमाराला लॉकहीडने सनीवेलला बस्तान मांडलं. इंजिनिअर आले, त्यांना घरं हवी होती, घरांना जमीन हवी होती.

शेतकऱ्यांनी जमिनी का विकल्या? लोभ, असं एका शब्दात सांगून मोकळं होता येत नाही. तेव्हाचा कर असा होता की जमिनीत काय पिकतं यावर नव्हे तर ती विकली तर काय येईल यावर आकारणी व्हायची. शेजाऱ्याने बिल्डरला विकली की तुमच्या जमिनीचा भाव चढला, कर चढला, जर्दाळूचा भाव मात्र तिथेच. एकाने विकलं की दुसऱ्याला विकावंच लागायचं. वाचवायचा प्रयत्नच झाला नाही असंही नाही. फक्त शेतीसाठी राखीव झोन करायची कल्पना सांता क्लारा काउंटीने १९५० च्या दशकात राबवली होती, नापाच्या कितीतरी आधी! पण ज्याला हवं त्याने झोनमध्ये यायचं, अशी ती ऐच्छिक योजना. इथे चार बागा राखीव, मधे कॉलनी, पलीकडे दोन बागा. ठिगळं ठिगळं. ती ठिगळं फार काळ टिकणार नव्हती, आणि टिकली नाहीत.

मग येतं १९६८ साल. नापालाही हेच भविष्य समोर दिसत होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा विस्तार वर सरकत होता, रस्ते रुंद करायच्या योजना होत्या, शेतजमिनीचे एकेक एकराचे तुकडे पाडायला परवानगी होती. तिथल्या काही द्राक्षबागायतदारांनी आणि काउंटीतल्या लोकांनी दक्षिणेकडे काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. १९६५ मध्ये राज्याने एक कायदा करून शेतकऱ्याला सवलत दिली होती, की जमीन शेतीतच ठेवायचा करार करा, कर शेतीच्या उत्पन्नावर लावू. नापाने त्याच्याही पुढे पाऊल टाकलं. ९ एप्रिल १९६८ रोजी काउंटीच्या बोर्डाने खोऱ्याच्या तळातली जवळजवळ सगळी जमीन 'ॲग्रिकल्चरल प्रिझर्व्ह' म्हणून जाहीर केली. अमेरिकेतलं असं पहिलं. २० एकरांपेक्षा लहान तुकडा पाडता येणार नाही, शेती आणि शेतीला लागेल तेवढंच बांधकाम. आणि मुख्य म्हणजे ऐच्छिक नाही. सगळ्यांना लागू.

विरोध कडाक्याचा झाला, आणि तो समजण्यासारखा होता. आयुष्यभर प्रून पिकवलेल्या म्हाताऱ्याचं पेन्शन म्हणजे त्याची जमीन. पोराला घर बांधायला एक एकर तोडून द्यायचा असेल तर? माझ्या जमिनीचं काय करायचं हे तुम्ही कोण सांगणार? विरोधकांत खुद्द द्राक्षवालेही होते. लक्षात घ्या, १९६८ मध्ये नापाची वाईन जगात कुणाच्या खिजगणतीत नव्हती. रॉबर्ट मोंडावीने घरच्यांशी बिनसल्यावर ओकव्हिलला आपली वायनरी काढून जेमतेम दोन वर्षं झाली होती. म्हणजे हा निर्णय घेणाऱ्यांनी सोन्याची खाण नाही राखली. त्यांनी प्रून, अक्रोड, गुरं आणि थोडी द्राक्षं राखली, पुढे काय होईल ते माहीत नसताना.

आणि आता आपल्या धंद्यातली तारीख. १८ जुलै १९६८. नापातल्या त्या ठरावानंतर बरोबर शंभराव्या दिवशी, आपल्या खोऱ्यात माउंटन व्ह्यूला, नॉइस आणि मूर या दोघांनी इंटेल स्थापन केली. एकाच वसंत-उन्हाळ्यात दोन जुळ्या खोऱ्यांच्या वाटा इतक्या स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. त्या दिवशी कुणालाच ते कळलं नसणार.

आम्ही ओकव्हिलहून आडव्या रस्त्याने सिल्व्हराडो ट्रेलवर आलो आणि दक्षिणेकडे स्टॅग्ज लीपला पोचलो. पूर्वेला काळा सरळसोट कडा, खाली उतरती बाग. शिकागो विद्यापीठात शिकवणारा वॉरेन विनियार्स्की वाईनच्या वेडाने सगळं सोडून इकडे आला आणि १९७० मध्ये त्याने इथे जागा घेतली. तेव्हा इथे काय होतं? प्रूनची बाग! ती काढून त्याने द्राक्षं लावली. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन लेबल झाकून फ्रेंच परीक्षकांना चाखायला दिल्या. तांबड्यांत पहिली आली विनियार्स्कीची १९७३ ची कॅबर्ने, पांढऱ्यांत पहिली आली कॅलिस्टोगाच्या शातो मोंटेलेनाची १९७३ ची शार्डोने. परीक्षकांच्या चेहऱ्यांची कल्पना करा. ठराव होऊन आठ वर्षं झाली होती. मधल्या आठ वर्षांत त्या प्रूनच्या बागेत कॉलनी उठली असती तर 'विनियार्स्की ड्राइव्ह' नावाची एखादी गल्ली तेवढी असती.

याच स्पर्धेत आपल्या खोऱ्याचाही एक गडी होता. कुपर्टिनोच्या डोंगरमाथ्यावरची रिज. ही वायनरी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या इंजिनिअरांनी वीकेंडचा उद्योग म्हणून उभी केली होती. (आपण वीकेंडला काय करतो, असो.) १९७६ मध्ये तिचा नंबर पाचवा आला. ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जुन्या तांबड्या वाईन पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा पहिली आली ती रिजची १९७१ ची मोंटे बेल्लो! म्हणजे मातीत कमी आपणही नव्हतो. डोंगरावर बिल्डर पोचला नाही, म्हणून ती उरली.

नापाने राखलं ते फुकट नाही राखलं, हेही सांगायला हवं. जमीन कमी, मागणी प्रचंड, त्यामुळे द्राक्षं तोडणाऱ्या माणसाला त्याच खोऱ्यात घर परवडत नाही. तोडणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. पुष्कळसे वलेहो, फेअरफिल्डकडून रोज येतात. परत येताना आम्ही २९ ने अमेरिकन कॅन्यनमार्गे आलो. तिथल्या गोदामांच्या रांगा आणि ट्रॅफिक बघून लक्षात येतं की खोऱ्यात जे होऊ दिलं नाही ते नाहीसं झालं नाही, चार मैल खाली सरकलं. २००२ पासून द्राक्षबागायतदार स्वतःवर एकरी कर लावून मजुरांसाठी वसतिगृहं चालवतात. चांगलंच आहे, पण ती थोडी आहेत. आणि प्रून-अक्रोड जाऊन सगळीकडे एकच पीक आलं, ते वेगळंच.

उलट आपल्या खोऱ्याने काय गमावलं तेही पाहा. फुलं गेली, आणि चिप बनवायला वापरलेली रसायनं जमिनीत झिरपल्याचं १९८० च्या दशकात उघडकीला आलं. अमेरिकेत सगळ्यांत जास्त 'सुपरफंड' साफसफाईच्या जागा असलेली काउंटी म्हणजे सांता क्लारा. पण याच खोऱ्याने जगाला मायक्रोप्रोसेसर दिला आणि माझ्यासारख्या हजारोंना नोकऱ्या. २०२० च्या जनगणनेत नापा काउंटीत १ लाख ३८ हजार माणसं, सांता क्लारात १९ लाख. मी त्या १९ लाखांतला एक. सगळी बे एरिया नापा झाली असती तर मी आलोच नसतो. त्यामुळे कोण बरोबर कोण चूक असा निकाल मला देता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला पटली आहे. सांता क्लारात जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही, एकेकाने आपापली बाग विकली आणि मिळून एक शहर झालं. नापात एका दिवशी लोकांनी बसून, भांडून, ठरवलं. आणि नंतरही ठरवत राहिले. १९७९ मध्ये २० एकरांची मर्यादा ४० केली. १९९० मध्ये मतदान घेऊन असा नियम केला की शेतजमिनीचा वापर बदलायचा तर मतदारांना विचारा. २००८ मध्ये पुन्हा मतदान घेऊन तो २०५८ पर्यंत वाढवला. १९९० पासून नव्या वायनरीत लग्नसमारंभही करता येत नाहीत, नाहीतर खोऱ्याचं मंगल कार्यालय झालं असतं. सॉफ्टवेअरमध्ये चुकलं तर जुनी व्हर्जन परत आणता येते. एकदा काँक्रीट ओतलेल्या गाळाच्या जमिनीला ती सोय नाही.

हे सगळं वाचताना तुम्हाला 'एनए' हा शब्द आठवला असेलच. हिंजवडीच्या आसपास उसाचं शेत होतं हे सांगणारी माणसं अजून आहेत. आणि नाशिक तर या गोष्टीशी सरळ जोडलेलं आहे. आपण जी थॉम्पसन द्राक्षं खातो त्यांना नाव मिळालं ते १८७० च्या दशकात युबा सिटीजवळ ती लावणाऱ्या विल्यम थॉम्पसनवरून. युबा सिटी नापापासून गाडीने दोनेक तासांवर. आपली तास-ए-गणेश त्याच थॉम्पसनच्या वेलावर निघालेली. नाशिकची सुला काढणारे राजीव सामंत सिलिकॉन व्हॅलीतली ओरॅकलची नोकरी सोडून गेले, आणि त्यांना सल्लागार मिळाला तो सोनोमाचा. २००० मध्ये तिथली पहिली वाईन आली. म्हणजे वेल आला, वाईन आली, टेस्टिंग रूमही आली. गंगापूर धरणाच्या काठाने आता बागेशेजारी बंगल्यांचे प्लॉट पडताना दिसतात. १९६८ चा तो ठराव तेवढा यायचा राहिलाय. त्याची किंमत कोण मोजणार, छोटा शेतकरी की आणखी कुणी, हे भांडण तिथेही होईल. ते वेळेत झालेलं बरं.

असो, फार लांबलं. नापाला जाणार असाल तर मार्चमध्ये जा, एका दिवसात दोनच वायनऱ्या करा, आधी वेळ घेऊन ठेवा, आणि न पिणारा एक मित्र सोबत न्या. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक करा. सनीवेलच्या कम्युनिटी सेंटरच्या बाजूला शहराने जर्दाळूची एक बाग अजून राखून ठेवली आहे. मार्चमध्ये ती फुललेली असते. चारी बाजूंना वस्ती आणि मधे पांढरी फुलं. तिकीट नाही, टेस्टिंग नाही. लॅपटॉप गाडीत ठेवा आणि दहा मिनिटं कडेने चालून या.